कंपन्यांची नावे आणि आपला उच्चार

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी भंडारा जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परक्या कंपन्यांची नावे कशी उच्चारावीत हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. शासकीय कामकाजात त्यासाठी स्वतंत्र फाईल उघडावी असा तो खचितच नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. व्हिडिओ गेम हा तेव्हापासून केवळ मुलांच्या करमणुकीचा विषय राहिलेला नसून शिक्षणाचा आणि रोजगाराचाही विषय झाला आहे. तुमसर, साकोली किंवा लाखांदूर येथील एखादा विद्यार्थी उद्या या क्षेत्रातील प्रवेशासाठी वा नोकरीसाठी मुलाखतीस बसेल, तेव्हा त्याला या कंपन्यांची नावे घ्यावी लागतील. नाव चुकेल या भीतीने तो गप्प बसला, तर त्याच्याजवळ असलेले ज्ञान परीक्षकापर्यंत पोहोचणारच नाही. प्रश्नाचे खरे महत्त्व आहे ते या ठिकाणी. (पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ हा प्रकार अगदी वेगळा आहे. त्यांना २०२५ च्याच केंद्रीय कायद्याने मनाई करण्यात आली असून येथे त्यांचा विचार नाही.)

१९९० च्या दशकात टी. व्ही.ला जोडावयाची खेळयंत्रे आपल्याकडील लहान शहरांत आली, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नव्हता. खेळाला मुले सरळ ‘कॅसेट’ म्हणत. मारिओ सर्वांच्या ओळखीचा होता, पण मारिओचा निर्माता कोण याची चौकशी कोणी करीत नसे. आता मोबाईलच्या पडद्यावर खेळ सुरू होण्यापूर्वी निर्मात्याचे नाव झळकते, आणि ते रोमन लिपीत असते. मुलगा ते वाचतो तो शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या आधाराने. वास्तविक त्या नावांपैकी कितीतरी नावे मुळात इंग्रजी नाहीतच.

रोमन लिपीवर विसंबून नाव वाचल्यास काय घडते, हे पाहण्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. भंडारा रोड हे रेल्वे स्थानक ज्या गावी आहे, ते वरठी रोमन लिपीत लिहिले की बाहेरगावचा प्रवासी त्याचे ‘वार्थी’ करतो, कारण थ आणि ठ या दोहोंसाठी त्या लिपीत एकच जोडाक्षर आहे. अड्याळमधील ळ तेथे साधा ल होतो. पवनीचे रोमन रूप वाचणाऱ्याला ‘पौनी’ म्हणावेसे वाटते. बाराव्या शतकाच्या प्रारंभी कोरलेल्या रतनपूर येथील कलचुरी शिलालेखात ‘भाणार’ असा उल्लेख आहे आणि तो भंडाऱ्याचाच असे अभ्यासक मानतात. म्हणजे जिल्ह्याचे स्वतःचे नावही नऊशे वर्षांत एकाच रूपात टिकलेले नाही.

याहून बोलके उदाहरण तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गचे. ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. हे दोन्ही शब्द फारसीतले. पुण्याकडे त्याच बुजुर्गचे ‘बुद्रुक’ झाले आणि महसुली दप्तरात ते तसेच रूढ आहे. भंडाऱ्याने मूळ रूप पुष्कळसे जवळ ठेवले. म्हणून पुणेकर चुकला असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. शब्द प्रवासाला निघाला की ज्या मुक्कामी तो राहतो तेथील पोशाख त्याच्या अंगावर चढतो. याच डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज डायॉक्साइडचे खनिज कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना लागते. हातात धरून खेळावयाची पहिली खेळयंत्रे अशाच बॅटरीवर चालत. निन्तेन्दो कंपनीने १९८९ साली काढलेल्या ‘गेम बॉय’ला असे चार सेल लागत.

जिल्ह्यातील उद्योगांची नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘मॉयल’ हा कोणत्याही भाषेतला शब्द नव्हे. १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीज ओर इंडिया लिमिटेडची ती आद्याक्षरे असून ती सलग वाचता वाचता त्यांचेच नाव बनले. लाखनी तालुक्यात गडेगाव येथे कारखाना असलेल्या अशोक लेलँडच्या नावाची जडणघडण निराळी. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी आपल्या मुलाच्या नावावरून अशोक मोटर्स काढली. ब्रिटिश लेलँड कंपनीशी संबंध जुळल्यावर १९५५ मध्ये त्यास दुसरे पद जोडले गेले. हे लेलँड म्हणजे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील एक गाव होय. इंग्रज माणूस शेवटच्या अक्षरावर जोर देत नाही. त्याच्या तोंडी ते ‘लेलंड’सारखे ऐकू येते. मराठीत ‘लेलँड’ रूढ झाले आहे आणि ते बदलण्याचे प्रयोजन दिसत नाही.

आता प्रत्यक्ष व्हिडिओ गेमच्या कंपन्यांकडे वळावयाचे, तर आरंभ जपानपासून करणे योग्य ठरेल. मराठी माणसाला येथे एक लाभ आपोआप मिळालेला आहे, आणि त्याची त्याला बहुधा कल्पना नसते. इंग्रजांचे टी आणि डी आपल्या कानाला ट आणि ड असे लागतात. जपानी भाषेतील हे वर्ण मात्र दातांच्या जवळ उच्चारले जातात, म्हणजे ते आपल्या त आणि द यांचे सख्खे शेजारी. यास्तव १८८९ साली क्योतो येथे पत्ते तयार करण्यासाठी निघालेल्या त्या जुन्या कंपनीचे नाव ‘निंटेंडो’पेक्षा ‘निन्तेन्दो’ असे म्हटले, तर ते मुळाच्या अधिक जवळ जाते. शेवटचा ओ किंचित लांबवावा, आणि इंग्रजीतल्याप्रमाणे मधल्या अक्षरावर आघात देऊ नये; सर्व अक्षरे सारख्या वजनाने यावीत. मराठीला आघाताची सवय नसल्यामुळे हेही आपल्याला सहज साधते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या शहरी मुलाला जे प्रयत्नाने साधावे लागेल, ते मोहाडीच्या मुलाला केवळ देवनागरी वाचून साधते.

अटारीची कथा याच्या उलट आहे. ही कंपनी जपानी नव्हे, अमेरिकन. १९७२ साली कॅलिफोर्नियात ती स्थापन झाली. नाव मात्र जपानमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘गो’ या पटावरील खेळातून घेतले. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या पुढच्याच खेळीत मारल्या जाणार असतील, त्या स्थितीला ‘अतारी’ म्हणतात. शब्द जपानी म्हणून ‘अतारी’ म्हणावे, की कंपनी अमेरिकन म्हणून ‘अटारी’? येथे नाव धारण करणाऱ्याचा उच्चार ग्राह्य मानणे इष्ट, म्हणजे ‘अटारी’. हिंदीत अटारी म्हणजे माडी, आणि पंजाबात त्या नावाचे सीमेवरचे गावही आहे. या दोहोंशी कंपनीचा काडीचाही संबंध नाही, एवढे विद्यार्थ्यांना सांगितलेले बरे.

‘सोनी’ या नावाबाबतही असाच गैरसमज होतो, कारण ते आपल्याकडे आडनाव आहे. तोक्यो येथील त्या कंपनीने १९५८ मध्ये हे नाव धारण केले ते ध्वनी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आणि लहान मुलाला हाक मारण्याच्या एका इंग्रजी शब्दावरून. उच्चारात काही अडचण नाही.

‘सेगा’ हे नाव जपानी वाटते, परंतु ते ‘सर्व्हिस गेम्स’ या दोन इंग्रजी शब्दांच्या पहिल्या दोन-दोन अक्षरांचे आहे. अमेरिकन लष्करी तळांना नाण्यावर चालणारी खेळयंत्रे पुरविणाऱ्या व्यवसायाचे ते नाव होते. अक्षरांऐवजी उच्चार जोडले असते, तर ‘सगे’ झाले असते आणि मराठी माणसाला ते अधिक आवडले असते! जपानात आणि अमेरिकेत ‘सेगा’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘सीगा’. ‘कॅपकॉम’ हे कॅप्सूल आणि कॉम्प्युटर यांचे जोडनाव असून जपानी लोक स्वतः त्याला ‘कापुकोन’ म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या मध्ये किंवा अखेरीस अनुनासिकाखेरीज सुटे व्यंजन टिकत नाही. आपण ‘कॅपकॉम’ म्हणावे. ‘नाम्को’ या नावाच्या आरंभी नाकामुरा हे संस्थापकाचे नाव दडलेले आहे. तेथे ‘नॅमको’ करण्याचा मोह टाळावा.

फ्रेंच नावांपाशी मात्र देवनागरीलाही हात टेकावे लागतात. ‘यूबिसॉफ्ट’ ही १९८६ साली पाच भावांनी ब्रिटनी प्रांतात काढलेली कंपनी. २००८ मध्ये तिने पुण्यात स्टुडिओ घेतला. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हे नाव घेण्याची वेळ येण्याचा संभव पुष्कळ. इंग्रजी बोलणारे ‘यूबि’ म्हणतात. फ्रेंच माणूस आरंभीचा जो स्वर काढतो तो मराठीत नाही. ‘ऊ’साठी करतो तसे ओठ गोल करावेत आणि आत जीभ ‘ई’साठी ठेवावी, म्हणजे तो साधतो. वर्गात मुलांकडून हा प्रयोग करवून घ्यावा. दोन मिनिटे हशा होईल, पण नंतर तो स्वर कोणी विसरणार नाही. त्या भावांचे आडनाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे आहे आणि उच्चारात ते ‘गीय्मो’ एवढेच उरते.

चीनमधील शेन्झेन येथे १९९८ साली निघालेल्या ‘टेन्सेंट’चे चिनी नाव ‘थंगश्युन’च्या जवळपास जाते. चिनी नावांच्या रोमन लेखनातील टी हा महाप्राण, म्हणजे आपला थ असतो. इंग्रजीजवळ हा भेद लिहिण्याचे साधन नाही, मराठीजवळ आहे. मात्र जगाशी व्यवहार करताना ती कंपनी स्वतः ‘टेन्सेंट’ हेच नाव वापरते, तेव्हा तेच चालू द्यावे.

मुंबईच्या ‘नझारा’ कंपनीच्या नावाने एक निराळाच प्रश्न पुढे येतो. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दातील वर्ण हिंदीत ज खाली नुक्ता देऊन दाखवितात. मराठीत नुक्ता रूढ नाही. आपला ज ‘जग’ मध्ये एक आणि ‘बाजार’ मध्ये दुसरा, असे दोन उच्चार एकाच अक्षरात वाहतो, आणि परक्या शब्दांसाठी आपण झ वापरू लागलो. आता याच भागाच्या बोलीचे नाव पाहा. ‘झाडी’ रोमन लिपीत लिहिताना आरंभी झेड हे अक्षर घालतात. पुण्या-मुंबईकडील वाचक त्याचे बरोबर ‘झाडी’ करील. पण इंग्रज वाचक ते जाड या शब्दातल्या ज सारखे वाचील. निन्तेन्दोचे नाव आपल्याकडून जसे बिघडते, तसे आपले नाव त्यांच्याकडून बिघडते.

झाडीबोलीचा उल्लेख केवळ ओघात आलेला नाही. या बोलीत ण चा न होतो, ळ चा र होतो, श चा बहुधा स होतो. पाणी हे ‘पानी’ आणि डोळा हा ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आणि शब्दकोश सिद्ध करून ती अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे, हे दाखवून दिले. तथापि वर्गात ‘डोरा’ म्हणणारे मूल अद्यापही हशाचे धनी होते, आणि तेच मूल पुढे परके नाव उच्चारताना आधी इकडेतिकडे पाहते. वस्तुतः जपानी भाषेत र आणि ल हा भेदच नाही. लंडन हे शहर जपानी माणूस ‘रोन्दोन’ असे म्हणतो आणि त्या देशाने सबंध जगाला खेळ विकले. ळ न येणाऱ्या मुलाला त्यापासून कमीपणा मानण्याचे कारण कोणते?

व्यवहारात काय करावे, याबद्दल थोडे सांगावयाचे आहे. शिक्षकांनी फळ्यावर परके नाव लिहिताना रोमन रूपाशेजारी देवनागरी रूप अवश्य लिहावे. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर मराठी वर्णमालेत निश्चित झालेले आहेत. त्यांचा उपयोग करावा. नाव कोणत्या भाषेतले आणि ते कशावरून पडले, हे एका वाक्यात सांगावे. पाठांतरापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. मराठीत एखादे रूप पक्के रुजले असेल तर ते मोडू नये. ‘होंडा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला ‘होन्दा’ म्हणावयास लावणे हा शुद्ध आगाऊपणा होईल. नवे नाव प्रथमच येत असेल, तर मात्र सुरुवात मुळाजवळून करण्यास कोणतीही हरकत नाही. कार्यालयीन पत्रव्यवहारात कंपनीचे नोंदणीकृत नाव जसे असेल तसेच घ्यावे. तेथे उच्चाराची चर्चा अप्रस्तुत ठरते.

पंचायत सदस्यांकडे एक काम येते. गावाच्या वेशीवरचा फलक रंगवून घेताना रोमन अक्षरे बहुधा रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडली जातात आणि एकाच गावाची दोन फलकांवर दोन रूपे दिसतात. महसुली अभिलेखातील देवनागरी नाव मोठ्या अक्षरात वर घ्यावे, रोमन रूप त्याखाली, आणि तेही सर्व फलकांवर एकच ठेवावे. बाहेरून येणारा पाहुणा निदान वरची ओळ कोणालातरी विचारून वाचू शकेल.