हिशेबपट्टीतला कर कोणाचा?



जीएसटीत व्यापाऱ्याला दोन वाटा आहेत. सर्वसाधारण वाटेवर तो गिऱ्हाईकाकडून कर घेतो, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो आणि उरलेला सरकारात भरतो. दुसरी वाट कंपोझिशनची. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर दुकानदाराने एकूण १ टक्का भरायचा. पण वजावट नाही आणि गिऱ्हाईकाच्या बिलात कर लावायचा नाही. लावला, तर देऊ नका.

आपल्या कापसावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर आहे. तो आपण नव्हे, नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा. सर्वसाधारण वाटेवरच्या जिनिंगवाल्याला तो वजावटीत मिळतो. मग हिशेबपट्टीत कराची कपात कशाची? पट्टी हातात घ्या आणि विचारा!