साथ येते, साथ द्यावी लागते

मराठीतला 'साथ' हा शब्द मोठा विलक्षण आहे. रोग पसरला की आपण 'साथ आली' म्हणतो आणि संकटात कुणी पाठीशी उभे राहिले की 'साथ दिली' म्हणतो. मी कवितेचा माणूस. पण २०२१ साली या एका शब्दाचे दोन्ही अर्थ मला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर भेटले.

१२ मार्च २०२१ रोजी भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या 'क्वाड' गटातील देशांनी एक बेत जाहीर केला. लस हैदराबादच्या कारखान्यात करायची, भांडवलाला अमेरिका-जपानने हातभार लावायचा आणि आग्नेय आशियात ती पोहोचवायला ऑस्ट्रेलियाने मदत करायची. २०२२ अखेरपर्यंत किमान एक अब्ज मात्रांचे उद्दिष्ट होते.

महिनाभरातच आपल्याकडे दुसरी लाट उसळली. मीही रांगेत उभा होतो. केंद्राच्या दारावर 'लस संपली' अशी पाटी होती. भारताने लसींची निर्यात जवळजवळ थांबवली. आपल्याच घरात शिधा नसताना शेजाऱ्याला काय देणार? तो निर्णय मला तेव्हाही पटला, आजही पटतो. पण त्याच वेळी नेपाळातले लाखो वृद्ध कोविशील्डचा पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत होते. जीव त्यांनाही होता.

अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये जपानने 'कोव्हॅक्स' या जागतिक योजनेमार्फत त्याच प्रकारच्या लसीच्या सुमारे १६ लाख मात्रा नेपाळला देण्यास सुरुवात केली. एका मित्राचा हात अडकला, तेव्हा दुसऱ्याने भार उचलला. क्वाडचा मूळ बेत मात्र रेंगाळला. त्यातली, पुण्यात तयार झालेली कोव्होव्हॅक्स कंबोडियाला मिळाली ती एप्रिल २०२२ मध्ये.

तहान लागल्यावर विहीर खोदून भागत नाही. लस कोण करणार, एवढे ठरवणे पुरेसे नाही. करणाऱ्याच्याच घरात साथ शिरली तर त्याचा वाटा कोण भरणार, हेही करारात आधीच लिहिलेले हवे.

सप्टेंबर २०२४ मध्ये याच चार देशांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध मोहीम जाहीर केली. त्या वेळी दारात साथ नव्हती, घबराट नव्हती. असे शब्द द्यायची वेळ हीच असते. कारण साथ येते तेव्हा प्रत्येकाला आधी आपलेच घर दिसते, आणि त्यात गैर काही नाही.