अर्धशिशी : दुखणे येण्याआधीचे औषध
(वर्धापनदिनी सुरगाणा येथे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याची गोष्ट काढते, याचा राग मानू नये. पण अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट होते. मग ती बायकांच्या मंडळात नाही काढायची तर कोठे?

अर्धे डोके ठणकते, मळमळते, उजेड सोसवत नाही. तरी भाताची आवणी थांबत नाही आणि चूलही थांबत नाही. मग दुकानातली गोळी घ्यायची व कामाला लागायचे. महिन्यातून एकदोनदा हे ठीक. पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा अधिक घेतली व असे ३ महिने चालले, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू शकते. मिश्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात.

याला दुसरा मार्ग आहे. महिन्यात ४ किंवा अधिक दिवस डोके दुखण्यात जात असतील, तर दुखणे येऊच नये म्हणून डॉक्टर वेगळे औषध देतात. डोके दुखो वा न दुखो, ते रोज घ्यायचे. प्रोप्रानोलॉल हे त्यांतले जुने. ते मूळचे हृदयविकाराचे. १९६६ साली हृदयरोग्यांना देत असता त्याने अर्धशिशीही कमी होते, हे ध्यानात आले. रात्री घ्यावयाचे अमिट्रिप्टिलीनही उपयोगी पडते.

मी स्वतः असे औषध घेते. पहिला महिना काहीच फरक वाटेना. शेजारणी म्हणाल्या, "सोडून दे." परंतु दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. आठवड्यातून दोनदा येणारे माझे दुखणे आता महिन्यातून तीनदा येते. दुखणे निम्म्याने घटले, तरी औषध लागू पडले असे समजतात.

मात्र एकीचे औषध दुसरीने घेऊ नये. दमेकऱ्यांना प्रोप्रानोलॉल चालत नाही. व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट यांनी गर्भाला अपाय होतो; दिवस गेले असतील वा मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. औषध आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नये.

तेव्हा आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखेल त्या दिवशी एक फुली, गोळी घ्याल त्या दिवशी दुसरी फुली करा. महिन्याने ते पान घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. मात्र एकाएकी भयंकर डोके दुखले, ताप आला वा हातपाय लुळे पडले, तर महिना थांबू नका. त्याच घटकेला निघा.

सोसणे हा आपला गुण खरा, पण औषध असताना सोसत बसू नये.