केदारनाथला डोकं दुखलं तर

पर्वती पायथ्याच्या आमच्या बचत गटात कर्जाची वही असते, हजेरीची असते, तशी एक यात्रेची वहीसुद्धा आहे. तीन वर्षं थोडे थोडे पैसे साठवून गेल्या मे महिन्यात आम्ही अकरा जणी केदारनाथला गेलो. नऊ जणींचं दर्शन झालं. दोघी दर्शनाआधीच खाली उतरल्या. आज त्याचंच सांगायचं आहे.

आमची गाडी गुप्तकाशीला रात्री उशिरा पोचली. पहाटे उठून गौरीकुंड, तिथून घोड्यावर, आणि संध्याकाळी केदारनाथ. रात्री आमच्यातल्या एका मावशींचं डोकं दुखायला लागलं. जेवण नको म्हणाल्या, दोनदा उलटी झाली. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "पित्त झालंय, झोपले की बरं वाटेल." आपल्याकडे काही झालं की पित्तच होतं! सगळ्यांच्या यात्रेचा विचका नको, म्हणून त्या रात्रभर गप्प राहिल्या. सकाळी उठल्या तर पाय लटपटत होते, चप्पल सरळ घालता येईना, विचारलं एक आणि उत्तर दुसरंच. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. तिथल्या वैद्यकीय केंद्रात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता खाली न्या. मंदिर समोर दिसत होतं, रांग लागली होती. मावशी रडायला लागल्या, "पाच मिनिटं हात जोडून येते." आम्ही ऐकलं नाही. डोलीत बसवलं, सोबत एक जण दिली. गौरीकुंडाला पोचेपर्यंत त्या नीट बोलायला लागल्या होत्या. पुढे दवाखान्यात तपासून घेतलं.

हे पित्त नव्हतं. विरळ हवेचा त्रास होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, आणि केदारनाथ 3,580 मीटरच्या आसपास. आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई शिखरसुद्धा 1,646 मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. उंचावर हवेचा दाब कमी होतो. पुण्यात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच तिथे मिळतो. शरीराला याची सवय होते, पण त्याला दोन-चार दिवस लागतात. आम्ही एका दिवसात गौरीकुंडापासून दीड हजार मीटरहून जास्त चढलो आणि वरच झोपलो. चूक तिथे झाली. साधारण अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो. म्हणून हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी, मला चढावं लागलं नाही, मग मला काय होणार, असं समजू नये. उलट त्या काही मिनिटांत वर पोचतात. त्यांनी दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं.

आमच्यातल्या कितीतरी जणी रोज पर्वती चढतात. दम कमी लागतो, गुडघे चांगले राहतात, हे खरं. पण त्यामुळे विरळ हवेचा त्रास टळत नाही. धडधाकट, तरुण माणसालाही होतो. आधी कधी झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक 2012 साली एव्हरेस्टला गेले. असे कसलेले लोकसुद्धा वर जायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा वर जायचं, असं करत शरीराला सवय लावतात. मग आपण कशाला घाई करायची?

नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको. यात्रेत हे तंतोतंत जमत नाही, पण गुप्तकाशीला किंवा गौरीकुंडाला एक रात्र जास्त राहता येतं, वाटेत लिंचोलीलाही मुक्काम करता येतो. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. आराम करूनही वाढत असेल तर खाली. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. हे जिवावर बेतणारं असतं. ऑक्सिजन मिळाला तर लावावा, पण उतरणं टाळू नये. आणि आजारी बाईला एकटीला पाठवायचं नाही.

कापराची पुडी आम्हीही नेली होती. वास छान येतो, प्राणवायू वाढत नाही.

बायकांचं आणखी एक असतं. वाटेत संडासाची सोय नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, वर उपवास धरतो. मग डोकं कशाने दुखतंय तेच कळत नाही. पाणी प्या, थोडं थोडं खा. झोपेची गोळी घेऊ नका, तिने श्वास मंदावतो. निघायच्या महिनाभर आधी महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. अमरनाथला तर आरोग्य प्रमाणपत्राशिवाय सोडतच नाहीत. पाळी पुढे ढकलायची गोळीसुद्धा मनाने घेऊ नका. विरळ हवेच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी आहे, ती आदल्या दिवसापासून सुरू करतात. पण सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती आधी डॉक्टरांना सांगायलाच हवी. शेजारणीची उरलेली गोळी चालणार नाही.

यंदा दुसरी तुकडी जाणार आहे. आम्ही गाडीवाल्याशी भांडून दोन दिवस वाढवून घेतलेत, माणशी खर्चही वाढलाय. त्यावरून बैठकीत बरीच कुरकुर झाली. मावशींनी पुन्हा नाव घातलंय. दर्शन राहिल्याचं त्यांना अजून लागतं, आणि त्या दिवशीचा राग आमच्यावर थोडा आहेच. त्यांच्या डॉक्टरांची भेट पुढच्या सोमवारी आहे. ते हो म्हणाले तर जातील. रात्री त्यांच्या शेजारी कोण झोपणार, हे मात्र आम्ही आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.