मुलांची वाटणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी काही गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल. पण मला बोलायचे आहे ते आईबाप गेलेल्या मुलांविषयी, आणि आपण नातेवाईक त्यांची जी वाटणी करतो तिच्याविषयी. शब्द कानाला टोचेल. पण ही वाटणी माझ्याच घरात झाली आहे.

माझी धाकटी बहीण दौंडला दिली होती. ती आणि तिचे यजमान वर्षाच्या आत गेले. तेराव्याला वडीलधारी मंडळी बसली आणि ठरले, दहा वर्षांची मुलगी मावशीकडे शिरूरला, सहा वर्षांचा मुलगा काकांकडे दौंडलाच. मनात कोणाच्या वाईट नव्हते. एका घरावर दोघांचा भार नको, एवढाच हिशेब. चार भांडी इकडे, चार तिकडे. मुलांना कोणी विचारले नाही. मीही नाही.

पुढे बालसंगोपन योजनेसाठी अर्ज केला. २०२३ साली या योजनेची मदत एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये झाली, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. त्यासाठी चौकशीला एक बाई घरी आल्या. मला राग आला, हे कबूल करते. त्यांनी मुलीची झोपायची जागा पाहिली, वह्या चाळल्या, यजमानांना मिळकत विचारली, शेजारणीशीही बोलल्या. रक्ताची मावशी मी, माझी कसली परीक्षा? मग त्या मुलीला घेऊन ओट्यावर बसल्या. आम्हाला आत जायला सांगितले.

निघताना त्या म्हणाल्या, "ती तुमच्याविषयी चांगलेच बोलते. पण रात्री भाऊ घाबरून उठला तर कोणाला हाक मारतो, असे तिने मला विचारले."

आठ महिने पोर माझ्या पंगतीला जेवत होती आणि यातले एक अक्षर माझ्याशी बोलली नव्हती. आश्रयाला आलेले मूल मागत नाही. ताटात पडेल ते खाते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात परक्या कुटुंबाकडे मूल सांभाळायला देण्याची सोय आहे. ते दत्तक नव्हे. त्या कुटुंबाची इच्छा, कुवत, अनुभव पाहावा, भावंडे होता होईतो एकत्र ठेवावीत, आणि बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करावी, असे त्यात स्पष्ट आहे. परक्यांना ही कसोटी लागते, तर आपल्याला ती अपमानाची का वाटावी? जमिनीच्या तुकड्यासाठी पुतण्याला जवळ करणारे, भाचीला शाळेतून काढून गोठ्यात जुंपणारे, हेही नातेवाईकच असतात. नावे घेत नाही. आपण सर्वजणी ती ओळखतो.

दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून कितीतरी पोरक्या मुली त्यांनी आणल्या. त्यांनी स्वतः दुष्काळातच आईबाप गमावले होते. पुढे हजारो मैल पायी हिंडून १८७८ साली त्या कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा भाऊ श्रीनिवास सोबत होता. तेराव्याला बसलेल्या आमच्या मंडळींनी त्या दोघांचीही वाटणी केली असती, असे मला कधी कधी वाटते.

आमचे यजमान म्हणाले, "त्यालाही आणू." काका, आम्ही उभयता आणि दोन्ही मुले समितीपुढे गेलो. तिथे मुलांना विचारले गेले, आणि आदेश झाला. काकांना वाईट वाटले. दिवाळीला येतात, पण अजून थोडे अंगचोरून बसतात. त्यांचा दोष नव्हता, हे त्यांना पटवणे मला जमलेले नाही.

भगिनींनो, चौकशीच्या बाई उद्या तुमच्याही दारी येतील, शेजारच्या घराविषयी विचारतील. "सगळे ठीक आहे" म्हणून कडी लावू नका. दिसले असेल ते सांगा. आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे पण अर्ज झालेला नाही, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. कोरे अर्ज मी पिशवीत आणले आहेत.