दारावरचा कागद

व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘लहान उद्योग आणि सायबर सुरक्षा’. वक्त्यांनी माईक हातात घेताच तो निम्मा केला. पासवर्ड कसा असावा, ओटीपी कुणाला देऊ नये, हे समोर बसलेल्या एमआयडीसीतल्या मंडळींना बँकांच्या मेसेजांनी पाठ करून दिले आहे. त्यात वेळ घालवायची वक्त्यांची तयारी नव्हती. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. हल्ला झाला, तर तो त्याच दिवशी गिऱ्हाइकाला, पोलिसांना आणि आपल्या कामगारांना सांगावा. हल्ल्याने विश्वास जातो, त्याहून जास्त तो लपवालपवीने जातो, हे त्यांचे ठाम मत. संध्याकाळभर ते त्यावरून हलले नाहीत.

पुरावा त्यांनी नॉर्वेतून आणला होता. नॉर्स्क हायड्रो ही ॲल्युमिनियमची कंपनी. ४० देशांत मिळून सुमारे ३५,००० माणसे. मार्च २०१९ मध्ये ‘लॉकरगोगा’ नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी बनवलेल्या घातक सॉफ्टवेअरने, तिच्या फायलींना कुलूप लावले. त्याआधी काही महिने एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून आलेला ईमेल कुणीतरी उघडला होता, आणि चोर तेव्हापासूनच घरात होते. १९ मार्चच्या सकाळी कर्मचारी कामावर आले, तर दारावर कागद चिकटवलेला: कंपनीवर सायबर हल्ला झाला आहे, कोणतेही यंत्र नेटवर्कला जोडू नका. नेटवर्कच बंद, तिथे सूचना ईमेलने कशी जाणार?

टिपणात या उदाहरणाला पाच मिनिटे दिलेली होती. ते अर्धा तास चालले, आणि चालले तेच बरे झाले, कारण सभागृह तेव्हाच जागे झाले. कारखाने हातावर चालवायची वेळ आली. एक्स्ट्रूजनच्या, म्हणजे धातू साच्यातून दाबून काढण्याच्या, लाइनींना सगळ्यात मोठा फटका बसला. ऑर्डरी कागदावर लिहून घ्याव्या लागल्या. स्क्रीनशिवाय यंत्र चालवणे ठाऊक असलेली माणसे कमी होती, म्हणून काही ठिकाणी निवृत्त झालेले जुने कामगार मदतीला आले. दुसऱ्या रांगेतले एक पिकल्या केसांचे फोरमन मोठ्याने म्हणाले, “म्हणजे आमचं काम संपलेलं नाही!” त्यावर टाळ्या पडल्या, वक्त्यांनीही माईक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग खरा मुद्दा आला. कंपनीने खंडणी भरली नाही, बॅकअपवरून एकेक यंत्रणा उभी केली. त्याच दिवशी वित्तप्रमुख एइविन्द काल्लेविक पत्रकारांसमोर बसले. कंपनीचे संकेतस्थळ बंद होते, म्हणून फेसबुकवरून माहिती दिली गेली. पुढचे कित्येक दिवस कोणता विभाग सुरू झाला, कोणता अजून बंद आहे, हे जाहीरपणे सांगितले जात राहिले. नुकसान काही कोटी डॉलरचे झाले. ते वक्त्यांनी जराही कमी करून सांगितले नाही. पण कंपनीने पोलिसांपासून काही दडवले नाही. पुढे अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तपास केला, नॉर्वेचे पोलीसही त्यात होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये युक्रेन आणि स्वित्झर्लंडमध्ये संशयितांवर कारवाई झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये याच लॉकरगोगाचे कुलूप उघडणारे साधन सर्वांसाठी फुकट उपलब्ध झाले. सगळ्यांनीच तोंड मिटून खंडणी भरली असती, तर हे कुठून झाले असते, असे त्यांनी विचारले.

“नॉर्वेत ठीक आहे हो सर,” मधल्या रांगेतून एक कारखानदार उठले. “इथं पार्टीला कळलं की आपला सर्व्हर गेलाय, तर पुढची ऑर्डर पुण्याला जाते.”

सभागृहात कुजबुज झाली; बऱ्याच जणांच्या मनातले तेच होते. वक्त्यांचा आवाज चढला. पुण्याचे नाव निघालेच आहे तर पुण्याचेच ऐका, म्हणाले. १९०६ सालची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत खोटा ‘स्विच’ बसवला. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाण्याआधीच तो परस्पर ‘पैसे द्या’ म्हणत होता. २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या घरात. बँकेने एटीएम आणि ऑनलाइन सेवा थांबवल्या, फिर्याद दिली, पत्रकारांना बोलावून प्रकार सांगितला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. आणि बँक आजही चालू आहे. कारखानदार बसले, पटल्याचे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि वक्त्यांनीही तसा आग्रह धरला नाही.

एवढ्यात वेळ संपत आल्याची कार्यवाहांची चिठ्ठी आली. जून २०१७ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीवरच्या सायबर हल्ल्याने न्हावा-शेव्यातले एक टर्मिनल कसे अडले, हा भाग दोन वाक्यांत उरकला गेला. तो सविस्तर ऐकायला हवा होता, कारण निर्यातीचा माल भरणारे निदान दहा जण तिथे होते. कायद्याला मिनिटभर मिळाले: सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते, खात्यातून पैसे गेले असतील तर बँक आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा क्रमांक, दोन्हीकडे लगेच फोन करायचा.

शेवटी त्यांनी प्रत्येकाला एक काम दिले. हायड्रोच्या दारावर होता तसा कागद आजच लिहून ठेवा, तारखेची जागा मोकळी सोडा. खाली आयटीवाल्याचा, बँकेचा आणि मोठ्या पाच गिऱ्हाइकांचा नंबर. जॉब वर्क करणाऱ्या एका तरुणाने विचारले, कागद मराठीत लिहायचा की हिंदीत. त्याच्याकडे निम्मे कामगार बिहारचे आहेत. दोन्हीत, वक्ते म्हणाले, आणि ठेवायचा वॉचमनच्या केबिनमध्ये. सकाळी गेटवर सगळ्यांना आधी तोच भेटतो.