नवी चूल आणि आईची भाकरी

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय जडलेल्या शिक्षकास ती अपुरी वाटणे साहजिक आहे. तरी घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

आजच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे. गावाकडे राहणाऱ्या आपल्या शंभर कुटुंबांना मंडळाच्या निधीतून विजेच्या शेगड्या वाटाव्यात, म्हणजे आपल्या माताभगिनींची धुरातून सुटका होईल, असा तो ठराव होय. हेतू थोर आहे. देणगीदारांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी त्यास एक दुरुस्ती सुचवू इच्छितो. आणि ती का सुचवितो हे सांगण्यासाठी मला माझ्याच घरातील एक हकीकत सांगावी लागेल. ती मला भूषणावह नाही.

धुरावर उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला, आणि २००२ साली तो आवरता घेईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. त्यांपैकी एक १९८७ साली आमच्या घरी बसली.

मी तेव्हा गावच्या शाळेत नवा शिक्षक होतो. चुलींची नावनोंदणी करणे आणि त्या वापरात आहेत की नाहीत हे वहीत लिहिणे, हे काम माझ्याकडे आले होते. लोकांस सांगायचे तर आरंभ आपल्या घरापासून करावा, या विचाराने मी आईची चूल तिच्या देखत मोडविली आणि तेथे दोन भांड्यांची, धुराड्याची नवी चूल बसविली. रचना उत्तम होती. तोंड अरुंद, जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली आणि धूर नळीवाटे छपराबाहेर. मी फळ्यावर तिची आकृती काढून मुलांनाही समजावून दिली होती. आईस मात्र तिच्याविषयी काही विचारावे, हे मला सुचले नाही. विचारण्यासारखे काय होते? तिचे डोळे धुराने लाल झालेले मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

पावसाळ्यात एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी येऊन पाहतो तो नवी चूल थंडगार आणि आई मागच्या पडवीत तीन दगड मांडून भाकरी करीत बसलेली. मी संतापलो. ती शांतपणे म्हणाली, “तुझी चूल चांगली हाय रे बाबा, पन् भाकरी कच्ची ऱ्हाती.”

मग मी प्रथमच नीट पाहिले. भाकरी तव्यावर अर्धी होते आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी करून फुगविली जाते. नव्या चुलीच्या अरुंद तोंडापुढे निखारे ओढण्यास जागाच नव्हती. त्या तोंडात जाडे लाकूड शिरत नसे. ढलप्या कराव्या लागत आणि कुऱ्हाड चालविण्यास दुपारी घरात कोणी नसे. नळीत काजळी धरली की धूर उलटा घरात येई, आणि ती साफ करण्यास छपरावर चढावे लागे. साठीच्या आईने की काय? शिवाय जुना धूर काही कामेही करीत असे. चुलीवरच्या माळ्यावर टांगलेले बियाणे त्याने किडीपासून वाचे, ओले जळण वाळे, छपराच्या वाशांना भुंगा लागत नसे. ती कामे आता कोणी करावयाची, याचे उत्तर माझ्या आकृतीत नव्हते.

आता भूषणावह नसलेला भाग. त्याच आठवड्यात तपासणी होती. वहीत आमच्या घरासमोर मी ‘वापरात’ असे लिहिले. मास्तरांच्याच घरची चूल बंद म्हटल्यावर गावात काय तोंड दाखवावे? आणखी कित्येक घरांपुढे मी तोच शब्द लिहिला आणि त्या घरांत डोकावूनही पाहिले नाही. वरच्या कचेरीत गेलेल्या आकड्यांत माझी ती अक्षरे आहेत.

पुढे चूल बसविणारी कुंभारीण पुन्हा गावात आली. आईने तिला आपली अडचण सांगितली. दोघींनी मिळून चुलीचे तोंड दोन बोटे रुंद केले आणि पुढे मातीचा ओटा ओढला. मी हरकत घेतली, कारण त्यामुळे थोडा धूर बाहेर येणार होता. तसा तो आलाही. पण त्या दिवसापासून पडवीतले दगड गेले. शास्त्रशुद्ध चूल बंद राहिली होती. बिघडविलेली चूल बारा वर्षे रोज पेटली.

हे केवळ माझ्या घरचे नव्हे. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत सुधारित चुलींची पाहणी झाली. प्रथम कोणास चूल द्यावयाची हे तेथे सोडतीने ठरविले होते, म्हणजे तुलना निर्दोष व्हावी. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला; पुढे तो लाभ नाहीसा झाला. चुलींची निगा राहिली नाही आणि त्यांचा वापर घटला. प्रयोगशाळेत खरी ठरलेली चूल घरात तशी राहिली नाही. गॅसचेही तसेच. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, कोट्यवधी घरांत शेगडी पोहोचली, हे काम मोठेच आहे. पण २०२२-२३ साली त्या योजनेतील कुटुंबाने वर्षात सरासरी ३.७१ सिलिंडर घेतले. सवलत बारांवर होती. उरलेला स्वयंपाक कशावर झाला असेल, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको.

आता आपल्या शेगड्यांकडे वळतो. माझ्या मुलाने शहरातील घरी तशी शेगडी घेतली आहे. चहा, भात, वरण उत्तम होते. परंतु तिला सपाट बुडाचे आणि लोखंड धरणारे भांडे लागते. गावाकडच्या आपल्या घरांत ॲल्युमिनियमची पातेली आणि खोलगट तवा असतो. तो तवा तिच्यावर बसत नाही, ती पातेली तिच्यावर तापत नाहीत, आणि भाकरी फुगविण्यास जाळ तर नाहीच. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आपल्या गावांतील विजेचा दाब किती असतो, हे ठराव लिहिणाऱ्या तरुण मित्रांनी एकदा मुक्कामास जाऊन पाहावे.

हे मी उत्साह मोडण्यासाठी बोलत नाही. आईच्या शेवटच्या वर्षांत तिला जिना चढताना दम लागे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न ‘सिगारेट कोण ओढते’ असा न करता ‘चूल किती वर्षे फुंकली’ असा केला. आई हसली आणि म्हणाली, “लगीन झाल्यापास्नं.” धूर जावा, ही तळमळ मला या सभागृहातील कोणापेक्षाही कमी नाही. म्हणूनच शंभर शेगड्यांच्या बातमीपेक्षा मला दहा पेटत्या शेगड्या हव्या आहेत.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. यंदा शंभराऐवजी दहा घरांना शेगड्या द्याव्यात. ती घरे आपल्या महिला शाखेने निवडावीत. प्रत्येक शेगडीबरोबर सपाट तवा व दोन पातेली द्यावीत. भाकरीपुरती जुनी चूल राहू द्यावी आणि ती मोडण्याचा आग्रह कोणी धरू नये. निधीचा काही भाग दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावा. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. मग त्या दहा भगिनींना पुढील सभेत याच व्यासपीठावर बसवून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि उरलेल्या नव्वदांचा निर्णय त्यानंतर करावा. आणखी एक विनंती. शेगडी ‘वापरात’ आहे की नाही, ही नोंद स्वयंपाक करणारीच्या तोंडून घ्यावी. घरातील कर्त्या पुरुषाच्या नव्हे, आणि मास्तरांच्या तर मुळीच नव्हे.

ठरावास या दुरुस्तीसह अनुमोदन देऊन, चिटणीसांची तीन मिनिटे जास्त घेतल्याबद्दल क्षमा मागून, मी आपली रजा घेतो.